हातवारे राहू द्या, पट्टी सोडा!

व्हिडिओ गेमच्या जगातले जाणकार गेली दहा वर्षे एकाच मयताची बातमी पुन्हा पुन्हा देत आहेत. मयताचे नाव 'मोशन कंट्रोल'. बटणे दाबण्याऐवजी हात फिरवून, अंग वळवून, उडी मारून खेळावयाचे जे खेळ, त्यांचे हे इंग्रजी नाव. आपण त्यांना हातवाऱ्यांचे खेळ म्हणू. हे खेळ म्हणजे एक फॅड होते, 2006 साली आले, चार-पाच वर्षे नाचले आणि आपल्या मरणाने मेले, असा या मंडळींचा निकाल आहे. मला हा निकाल मान्य नाही. हा माणूस आपल्या मरणाने मेलेला नाही. त्याला घराबाहेर काढण्यात आले आहे, आणि काढणाऱ्यांनी घरातल्या आजीला एका शब्दाने विचारलेले नाही.

चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचावयाच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. माझे म्हणणे असे की हा विषय दिवाळीचाच आहे. वर्षातून चार दिवस घरात आजी, मामा, आत्या, भाचरे अशी पंधरा माणसे एकत्र येतात. त्या पंधरांनी मिळून काय करावयाचे, हा प्रश्न पूर्वी पत्त्यांनी सोडविला होता. तो आज कशाने सुटतो?

गेल्या दिवाळीत पालेगावात तो कसा सुटला ते मी डोळ्यांनी पाहिले. अंबरनाथला पूर्वेकडे उतरून रिक्षाने पालेगावात यावे. जिथे भाताची खाचरे होती तिथे आता इमारतींचे मनोरे उभे आहेत. बाजूला एम.आय.डी.सी., लांबवर मलंगगडाची रांग. दादर-गिरगावात ज्यांना घर मिळाले नाही, आणि डोंबिवलीतही ज्यांना परवडले नाही, ती माणसे इथे येऊन राहिली आहेत. अशाच एका इमारतीत, आमच्या शेजारच्या घरी, मुलांच्या मामाने परदेशातून कुणाचा तरी जुना 'वी' नावाचा खेळ आणला होता. टीव्हीला जोडला आणि बोलिंग लावले. जमिनीवरून चेंडू घरंगळत सोडावयाचा आणि समोरच्या दहा लाकडी बाटल्या पाडावयाच्या, असा तो खेळ.

घरची आजी सत्तरी उलटलेली, मूळची जुन्नरकडची. टीव्हीच्या रिमोटचे बटणसुद्धा ती नातवाकडून दाबून घेते. तिच्या हातात ती पांढरी कांडी दिली आणि नातू म्हणाला, "आजी, चेंडू टाकल्यासारखा हात मागे ने आणि सोड." आजीने पदर खोचला, हात मागे नेला, आणि जन्मभर जात्यावर आणि विहिरीच्या रहाटावर कमावलेल्या त्या हाताने असा काही झोका दिला की पडद्यावरच्या दहाच्या दहा बाटल्या आडव्या झाल्या. घरात जो ओरडा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. त्या रात्री साडेअकरापर्यंत आजीने कुणाला जिंकू दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान उरकल्यावर तिचा पहिला प्रश्न, "तो चेंडूचा खेळ लावलाय का रे?"

हा प्रसंग किरकोळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी या खेळाची थोडी वंशावळ सांगतो. 'वी' काढणारी निन्टेन्डो कंपनी जपानातल्या क्योतो शहरात 1889 साली स्थापन झाली, आणि तिचा पहिला धंदा होता पत्ते तयार करण्याचा. फुलापानांच्या चित्रांचे जपानी पत्ते ही कंपनी करीत असे. माणसे गोल करून बसतात, एकमेकांची तोंडे पाहतात, आणि मधे जो असतो तो खेळ, ही समज तिच्या घराण्यातली आहे. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात निन्टेन्डोच्या खेळांची नक्कल करणारे डबे घरोघर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक प्लॅस्टिकची बंदूक यावयाची. 1984 सालचा तो बदकांच्या शिकारीचा खेळ. बाकीचे खेळ पोरे खेळावयाची, पण बंदूक हाती आली की बाबाही उठावयाचे. नेम धरणे कुणाला शिकवावे लागत नाही. 'वी' ही त्याच बंदुकीची नात. नोव्हेंबर 2006 मध्ये ती बाजारात आली आणि जगभर तिचे 10 कोटींहून अधिक संच खपले. त्या पहिल्या डिसेंबरातच लोकांनी जोशात हात फिरवून कांड्या टीव्हीवर फेकल्या, आणि कंपनीला सुमारे 32 लाख मनगटी दोऱ्या बदलून जाड द्याव्या लागल्या. ज्या फॅडात इतक्या घरांतली माणसे इतक्या मनापासून भान विसरतात, त्याला निदान बरे नाव द्या!

आता जाणकारांच्या पहिल्या आक्षेपाकडे वळू. ते म्हणतात, हातवाऱ्यांत अचूकपणा नाही. खरा खेळाडू बटणांवरच खेळतो. ठीक आहे, बटणांचा तो कंट्रोलर एकदा हातात घेऊन पाहा. दोन अंगठ्यांखाली दोन दांड्या, डावीकडे चार दिशांची बटणे, उजवीकडे चार खुणांची, वर खांद्यावर आणखी चार. ही एक लिपी आहे. दहाव्या वर्षी जो ती शिकला तो पंडित, आणि जो शिकला नाही तो जन्मभर निरक्षर. पंडितांना आपल्या लिपीचा अभिमान असतो, असावाही. पण ज्ञान याच लिपीत राहावे, असे जेव्हा पंडित म्हणू लागतात, तेव्हा महाराष्ट्राने त्याला काय उत्तर दिले आहे हे सांगावयास नको. शके 1212 मध्ये नेवाशाला बसून एका तरुणाने गीतेचा अर्थ बायाबापड्यांच्या बोलीत आणला. तेव्हाही कुणी म्हणालेच असेल की प्राकृतात अचूकपणा नाही! हातवारे ही खेळांची प्राकृत आहे. ती आईच्या मांडीवर शिकलेली असते. आजीला ती येत होती. तिला येत नव्हती ती फक्त सोळा बटणांची संस्कृत.

मात्र प्राकृताचा कैवार घेताना प्राकृतात जे गबाळ लिहिले गेले त्याचाही कैवार घ्यावा, असे नाही. या खेळांचे दोष मी लपविणार नाही, कारण त्यांचे भवितव्य त्या दोषांवरच ठरावयाचे आहे.

पहिला दोष खोटेपणाचा. 'वी'च्या कांडीत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा झोपाळ्यासारखा टांगलेला असतो. हाताला हिसका बसला की तो हलतो, विजेच्या मोजमापात फरक पडतो, आणि यंत्र समजते की हात फिरला. पण त्याला कळतो तो हिसका. हात कसा आणि कुठून फिरला हे त्याला नीट कळत नाही. गेल्या दिवाळीत तिसऱ्या दिवशी नातवाने हे हेरले. टेनिस लावले. आजी उभी राहून पुरा हात फिरवी, आणि हा सोफ्यावर पडल्या पडल्या मनगटाची नुसती टिचकी मारी. जिंकला कोण? टिचकी! प्रामाणिक हाताला हरविणारा खेळ फार दिवस टिकत नाही. आजीने कांडी ठेवून दिली आणि म्हणाली, "ह्यात काय राम न्हाई." पुढे 2009 मध्ये कंपनीने कांडीला फिरकी मोजणारा दुसरा भाग जोडून दिला, तेव्हा हात कुठे वळला हे यंत्राला पुष्कळ चांगले समजू लागले. म्हणजे दोष सुधारण्याजोगा होता. पण तोवर पहिल्या टिचकीचा कंटाळा घरोघर पोहोचला होता.

दुसरा दोष जागेचा. मायक्रोसॉफ्टने 2010 च्या नोव्हेंबरात 'किनेक्ट' काढला. त्यात हातात काहीच धरावे लागत नसे. यंत्र न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके खोलीभर फेकी आणि तुम्ही कुठे उभे आहात ते कॅमेऱ्याने ओळखी. पहिल्या 60 दिवसांत त्याचे 80 लाख नग खपले. पण त्याच्यासमोर एकट्याने खेळावयाचे तर सहा फूट आणि दोघांनी खेळावयाचे तर आठ फूट मागे उभे राहावे लागे. पालेगावच्या दहा फुटी हॉलमधून दिवाण, टीपॉय आणि शिवणयंत्र वजा करा आणि उरलेले मोजा. खेळणाऱ्याची पाठ स्वयंपाकघराच्या ओट्याला लागते! ज्याने हे यंत्र आखले त्याच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला दिवाणखाना होता, आणि ज्याचा दिवाणखाना छोटा त्याला हा खेळ नव्हता.

तिसरा दोष दांडगाईचा, आणि तोच मुळावर आला. 2013 साली नवा 'एक्सबॉक्स वन' काढताना मायक्रोसॉफ्टने किनेक्ट त्याच्या गळ्यातच बांधला. किंमत 499 डॉलर; शेजारी सोनीचा संच 399 ला. हा डोळा कायम जोडलेला असलाच पाहिजे, अशी आधी अटसुद्धा होती. ती ऑगस्टमध्ये मागे घेतली. त्याच जूनमध्ये अमेरिकी सरकारच्या हेरगिरीची कागदपत्रे बाहेर आली होती, आणि अशा वेळी दिवाणखान्यात कायम उघडा डोळा कोणाला हवा होता? वर्षाच्या आत, जून 2014 मध्ये, किनेक्टवाचून संच विकावा लागला. 2017 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जाणकार म्हणाले, पाहा, हातवारे मेले. हा न्याय अजब आहे. पाहुणा आवडता होता. त्याला बळेच बेडरूममध्ये घुसविले म्हणून घरवाले चिडले, आणि निष्कर्ष काय, तर लोकांना पाहुणे आवडत नाहीत!

या यंत्राचे तंत्र तरी मेले काय? ज्या इस्रायली कंपनीने पहिल्या किनेक्टचा डोळा तयार केला होता ती 2013 साली ॲपलने विकत घेतली, आणि 2017 पासून आयफोन मालकाचा चेहरा ओळखू लागला तो त्याच जातीच्या ठिपक्यांनी. जो डोळा पंधरा माणसांना नाचविण्यासाठी जन्मला, तो आता एका माणसाचे कुलूप उघडण्याच्या चाकरीला आहे. सगळ्या गोष्टीचा कल कुठे आहे, ते यावरून ध्यानात यावे.

इथे दुसऱ्या बाजूने वडीलधारे उठतात. ते म्हणतात, हे घरातल्या घरात हात हलविणे कशासाठी? पोरांना मैदानावर पाठवा! या मताबद्दल मला आदर आहे, आणि ते मांडणाऱ्याला मी नम्रपणे एकच विचारतो. कुठले मैदान? पालेगावात इमारती आधी आल्या आणि मैदान माहितीपत्रकात राहिले. पार्किंगमध्ये चेंडू उडाला की काचेचा हिशेब, आणि रखवालदाराची शिट्टी. मैदान मागावयाचेच आहे, नगरपालिकेशी आणि बिल्डरशी भांडून मागावयाचे आहे, आणि त्या भांडणात मी वडीलधाऱ्यांच्या पुढे चालेन. पण हातवाऱ्यांचा खेळ हा मैदानाचा पर्याय आहे, असे मी कधीच म्हटलेले नाही. जे आईबाप तो व्यायामाचे औषध म्हणून विकत आणतात ते स्वतःला फसवितात. निन्टेन्डोने 2019 साली एक लवचीक कडे देऊन बैठका मारावयास लावणारा 'रिंग फिट' काढला. तो चांगला आहे, पण त्यानेही मैदान भरून येत नाही. हा खेळ पर्याय आहे पत्त्यांना, कॅरमला, हाउजीला. त्याची तुलना कबड्डीशी नको, नातू हातात मोबाइल घेऊन ज्या कोपऱ्यात बसला आहे त्या कोपऱ्याशी करा.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. हातवारे मेले नाहीत, हे मी म्हटले. मग ते गेले कुठे? ते चष्म्यात गेले. सोनीने 2010 साली 'मूव्ह' नावाची, टोकाला उजळणारा गोळा असलेली कांडी काढली होती. ती हॉलमध्ये सर्वांनी मिळून खेळण्यासाठी होती. 2016 साली त्याच कंपनीने डोळ्यांवर बांधावयाचा आभासी जगाचा चष्मा काढला आणि तीच कांडी त्या डोळे झाकलेल्या माणसाच्या हाती दिली. तिथून पुढे कंपन्यांची बुद्धी आणि पैसा त्याच दिशेने वाहिला. 2019 चा क्वेस्ट, 2023 चा सोनीचा दुसरा चष्मा, सगळ्यांत हातवारे आहेत, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक आहेत. टिचकीची लबाडी तिथे फारशी चालत नाही. अचूकपणा हवा होता, तो मिळाला. बदल्यात काय गेले ते सांगतो.

यंदा गणपतीत तोच मामा असा एक चष्मा घेऊन आला. नातवाने तो बांधला आणि हॉलच्या मधोमध उभा राहून हवेत हात मारू लागला. घरातली माणसे भिंतीला टेकून बसली. कुणी हसले, कुणी मोबाइल काढला. आजीने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्याला काय दिसतंय रे? आम्हालाबी दाव की." मामा म्हणाला, "आजी, ते त्याचं त्यालाच दिसतं." चष्म्यातले चित्र टीव्हीवर दाखविण्याची सोय असते, हे मला ठाऊक आहे, आणि मामाने ती नंतर केलीही. पण तोवर आजी आत जाऊन वाती वळावयास बसली होती. आणि चित्र दिसले म्हणून काय झाले? ज्याच्याशी खेळावयाचे त्याला आजी दिसत नव्हती!

आपल्या आंधळ्या कोशिंबिरीतही डोळ्यांवर पट्टी असते. पण तिथे ज्याचे डोळे बांधले तो इतरांना शोधीत असतो. सगळा खेळ त्या बाकीच्यांच्या टाळ्यांचा, हुलकावण्यांचा, हळूच ओढलेल्या सदऱ्याचा. या नव्या कोशिंबिरीत आंधळा कुणालाच शोधीत नाही, आणि बाकीच्यांनी काय करावे हे कुणी सांगत नाही. हातवाऱ्यांचे भवितव्य म्हणून हे चित्र आम्हांला दाखविले जात असेल तर ते मला मंजूर नाही.

दुसरा रस्ता आहे, आणि तो बंद झालेला नाही. निन्टेन्डोच्या 2017 च्या 'स्विच'ने आणि जून 2025 मध्ये आलेल्या 'स्विच 2'ने हालचाल ओळखणाऱ्या कांड्या सोडलेल्या नाहीत. 2022 मध्ये त्यांचे बोलिंगही परत आले. अमेरिकेत 2023 साली 'नेक्स प्लेग्राउंड' नावाचा एक चौकोनी डबा निघाला. त्याला कॅमेरा आहे, हातात काही धरावे लागत नाही, आणि तो कुटुंबासाठी म्हणूनच केलेला आहे. म्हणजे मयताच्या घरी अजून चूल पेटते आहे.

प्रश्न आपला आहे. खेळ करणारे आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या ट्राइन गेम्सने सोनीच्या त्या 'मूव्ह' कांडीसाठी 2012 साली गल्लीतल्या क्रिकेटचा खेळ केला होता. हैदराबादच्या गेमशास्त्रने 2009 साली 'देसी अड्डा'मध्ये कबड्डी, विटीदांडू आणि पतंग आणले होते. पण विटीदांडू आणला तो बटणांवर! ज्या खेळात कोलीला दांडू लावावयाचा, टोल्याने विटी हवेत उडवावयाची, आणि ती खाली येण्याआधी डाव्या पायावर भार देऊन हाणावयाची, तो खेळ अंगठ्याने? वकट-लेंडमध्ये जो आकडा येईल त्यावर विटी पायावरून मारावयाची की मुठीवरून की डोळ्यावरून, हे ठरावयाचे. हातवाऱ्यांचा एवढा शब्दसंग्रह जगात थोड्या लोकांपाशी असेल. लगोरी, लंगडी, पतंगाची ढील, सागरगोट्यांची झेल, मंगळागौरीची फुगडी आणि पिंगा. कच्चा माल इथे आणि यंत्र परक्याचे, हे रडगाणे आपण कापसाच्या बाबतीत शंभर वर्षे गायलो. ते पुन्हा गाण्याआधी कुणीतरी दहा फुटी हॉल मोजावा, पाठ ओट्याला लागणार नाही असा खेळ आखावा, प्रामाणिक हाताला टिचकीपेक्षा जास्त गुण द्यावेत, कॅमेऱ्याला झाकण लावावे, आणि पडदा सर्वांना दिसेल असा एकच ठेवावा. यात काहीही अशक्य नाही. अशक्य एवढ्यासाठी वाटते, की एकट्या माणसाला चष्मा विकला तर पंधरा माणसांच्या घरात पंधरा चष्मे खपतात, आणि आजी जिंकली तर एकच कांडी खपते.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत मुलांनी खेळ मागितला तर दुकानदाराला किंमत नंतर विचारा. आधी विचारा, की हा खेळ चालू असताना घरातली बाकीची माणसे कुठे बसावयाची. उत्तर देताना तो अडखळला तर पत्त्यांचा जोड घेऊन घरी या. शेजारच्या घरी तो जुना 'वी' अजून माळ्यावर आहे. नातवाने परवाच तो काढून पुसून ठेवला, कांडीत नवे सेल घातले. आजीला त्याने अजून सांगितलेले नाही. मला सांगितले, आणि म्हणाला, "काका, यंदा टेनिस लावायचंच नाही."